तापल्यावर थरथरणारे इंजिन: एका सीएनजी मोटारीच्या कंपनाचा शोध

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्याच्या उपनगरात राहणाऱ्या एका सेवानिवृत्त गृहस्थांच्या मोटारीचे आहे. गाडी २०१४ सालची, हॅचबॅक, बीएस-४ काळातली. चार सिलिंडरचे १.२ लिटर पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, चेनवर चालणारे दोन कॅमशाफ्ट आणि हाताने बदलायचे गिअर. कंपनीने ती पेट्रोलवर चालण्यासाठी विकली होती. मालकांनी २०१६ मध्ये तिला बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवून घेतले, आणि तेव्हापासून ती जवळजवळ पूर्णपणे गॅसवरच चालत आली. सकाळी सुरू करताना काही क्षण पेट्रोल आणि मग दिवसभर सीएनजी, असा तिचा शिरस्ता होता. तक्रार माझ्यापर्यंत आली तेव्हा एकूण धाव १,१२,००० किलोमीटरच्या आसपास होती, म्हणजे ८०,००० किलोमीटरहून अधिक अंतर तिने गॅसवर कापले होते.

या गाडीची देखभाल हलगर्जीपणे झालेली नव्हती, हे आधीच नोंदवणे आवश्यक आहे. ऑइल वेळेवर बदललेले होते, गॅसच्या टाकीची हायड्रो चाचणी (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) दर तीन वर्षांनी झालेली होती, प्रत्येक बिल फाइलमध्ये लावलेले होते. ही फाइल पुढे तपासात फार उपयोगी पडली.

तक्रार

सिग्नलवर गाडी उभी असताना स्टिअरिंग, सीट आणि गिअरचा दांडा थरथरतो, आणि एसी लावला की थरथर वाढते, असे मालकांचे म्हणणे होते. सुरुवातीला ती अधूनमधून जाणवायची. पुढे काही महिन्यांत रोजची झाली. इंजिनाला थोडी रेस दिली, मिनिटाला साधारण १५०० फेऱ्यांच्या वर नेले, की ती विरून जायची. रस्त्यावर वेगात असताना गाडी अगदी ठीक वाटायची. एका किलो गॅसमध्ये पूर्वी २४ किलोमीटरच्या आसपास धावणारी गाडी आता २० वर आली होती, पण वाढत्या वाहतुकीमुळे तसे होत असावे असा त्यांचा समज होता.

त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट, आधी गाडी दाखवलेल्या दोन्ही ठिकाणी, जॉब कार्डवर (कामाच्या नोंदपत्रावर) लिहिली गेली नव्हती. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली पाच-सात मिनिटे थरथर मुळीच नसायची. इंजिन पूर्ण तापल्यावर, आणि विशेषतः लांबून आल्यानंतर, ती सुरू व्हायची. या एका वाक्यात निम्मे निदान दडलेले होते.

आधी झालेली दुरुस्ती

पहिल्या टप्प्यावर एका अधिकृत सेवाकेंद्राने स्कॅनर लावला. कोणताही दोष-संकेत नोंदलेला नव्हता. थ्रॉटल बॉडी साफ झाली, चारही स्पार्क प्लग बदलले गेले. फरक पडला नाही. त्यानंतर गाडी लिफ्टवर घेतल्यावर इंजिनाच्या उजव्या फाउंडेशनमधून (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते त्यांपैकी एकातून) काळपट द्रव पाझरलेला दिसला, आणि तिन्ही फाउंडेशन बदलण्याचा सल्ला दिला गेला. हा सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही. द्रव भरलेले फाउंडेशन फुटले की त्याची कंप शोषण्याची क्षमता जाते, आणि उभ्या गाडीत थरथर वाढते, हे खरेच आहे. मूळ सुटे भाग महाग पडत असल्याने मालकांनी ते काम जवळच्या गॅरेजमध्ये करून घेतले, आणि तिथे उजव्या बाजूला द्रवाऐवजी भरीव रबराचे, स्थानिक बनावटीचे फाउंडेशन बसले. ते अधिक कडक असल्यामुळे इंजिनाचा कंप आता पूर्वीपेक्षाही सरळ बॉडीत उतरू लागला.

याच गॅरेजने पुढे बरेच काही केले. पेट्रोलवर चालवून स्कॅनरवर पाहिले तेव्हा इंजिन संथ चालत असताना इंधनाची दीर्घकालीन दुरुस्ती (गाडीचा संगणक ठरलेल्या प्रमाणापेक्षा इंधन किती कमी-जास्त देतो तो आकडा) अधिक ९ टक्क्यांच्या आसपास आणि २५०० फेऱ्यांवर अधिक २ टक्के दिसत होती. कुठूनतरी जास्तीची हवा आत शिरत असल्याचे हे ठरलेले लक्षण समजले जाते, म्हणून इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट बदलले गेले. इग्निशन कॉइल बदलल्या गेल्या. शेवटी कॉम्प्रेशन चाचणीही (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणारी) झाली, आणि आकडे आले १२.०, १२.०, ११.० आणि १२.० किलो प्रति चौरस सेंटिमीटर. तिसरा सिलिंडर किंचित कमी, पण दहा टक्क्यांच्या आत. म्हणून इंजिन निर्दोष ठरले. मालकांनी टॅपेटबद्दल (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या, फट राखणाऱ्या भागाबद्दल) विचारले तेव्हा तिथल्या मिस्त्रींचे उत्तर होते, "काका, टॅपेटचा आवाजच येत नाही, तर झाकण कशाला उघडायचं?"

इथवर सुमारे २५,००० रुपये खर्च झाले होते. बदललेल्या भागांपैकी एक फाउंडेशन खरोखरच खराब होते. बाकीचे भाग काढताना चांगल्या स्थितीत होते.

पर्यायांचा विचार

इंजिनाचा कंप शोधताना पहिला प्रश्न असा असतो की कंप इंजिन निर्माण करते आहे, की इंजिनाचा नेहमीचाच कंप बॉडीपर्यंत जास्त पोहोचतो आहे. फाउंडेशन, सायलेन्सरचे रबर, रेडिएटरच्या बुशा, कुठेतरी बॉडीला टेकलेला पाइप, ही दुसऱ्या प्रकारची कारणे आहेत. सिलिंडरपैकी एखादा कमी जोर देत असणे, क्लच किंवा फ्लायव्हीलचा तोल जाणे, पट्ट्यावर फिरणारा एखादा भाग बिघडणे, ही पहिल्या प्रकारची. या दोन गटांत फरक करण्याआधी सुटे भाग मागवायचे नाहीत, असे आम्ही ठरवले.

फरक करण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे कंपाची गती मोजणे, आणि त्याला आज साधा मोबाइल पुरतो. त्यातला प्रवेगमापक सेकंदाला शंभर वेळा नोंद घेत असेल, तर इंजिनाच्या संथ गतीवरचे सगळे महत्त्वाचे कंप त्यात पकडता येतात. हिशेब सोपा आहे. मिनिटाला ७५० फेऱ्या म्हणजे सेकंदाला साडेबारा. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणून चार सिलिंडर मिळून सेकंदाला २५ धक्के देतात. निरोगी इंजिनात २५ हर्ट्झचा कंप मुख्य असतो आणि तो फारसा त्रास देत नाही. फ्लायव्हील, क्लच किंवा पुढची पुली यांचा तोल बिघडला असेल तर नोंदीच्या आलेखात साडेबारा हर्ट्झला उंचवटा येतो, कारण तो धक्का फेरीमागे एक असतो. एकच सिलिंडर कमजोर असेल, तर ती उणीव दोन फेऱ्यांत एकदा जाणवते, आणि उंचवटा सव्वासहा हर्ट्झच्या जवळ येतो. पालखीच्या चार भोयांपैकी एकाचा पाय लचकला तर पालखी त्याच्या पावलागणिक हेलकावते, तसेच हे आहे.

मोबाइल ड्रायव्हरच्या सीटच्या रुळावर घट्ट बसवून, इंजिन पूर्ण तापलेले असताना नोंद घेतली. ठळक उंचवटा सव्वासहा हर्ट्झच्या आसपास होता. एसी लावल्यावर इंजिनाची संथ गती ८५० झाली आणि उंचवटा सातच्या थोडा पुढे सरकला. गतीबरोबर तो सरकला, याचा अर्थ कंप बॉडीच्या स्वतःच्या लकबीतून आलेला नव्हता. साडेबारा हर्ट्झला विशेष काही नव्हते, म्हणून फिरणाऱ्या भागांचा तोल बिघडल्याची शंका मागे पडली. क्लच दाबून आणि सोडून पाहिले, फरक नाही. पट्टा उतरवून अगदी थोडा वेळ इंजिन चालवले, फरक नाही. अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर संशयातून सुटले.

फाउंडेशनवर बसलेल्या इंजिनाची नैसर्गिक डोलण्याची गती बहुतेक गाड्यांत सहा ते पंधरा हर्ट्झच्या दरम्यान असते. एका सिलिंडरच्या उणिवेचा धक्का नेमका याच मर्यादेच्या काठावर पडतो, आणि त्यामुळे छोटा दोषही स्टिअरिंगवर मोठा होऊन जाणवतो. फाउंडेशन बदलून लक्षण बदलते पण मूळ तसेच राहते, याचे कारण हेच.

यानंतर प्रश्न एवढाच उरला की कोणता सिलिंडर, आणि का.

गॅस किटवर संशय घेणे स्वाभाविक होते. रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅसचे इंजेक्टर, किटचे ट्यूनिंग, यांपैकी काहीही बिघडले तर गाडी मिसिंग करते, आणि गॅसवर चालणाऱ्या गाडीची कोणतीही तक्रार बहुतेक ठिकाणी ट्यूनिंगकडेच नेली जाते. पण मालकांना गाडी पूर्ण तापल्यावर पेट्रोलवर चालवायला सांगितले, तेव्हा थरथर थोडी कमी झाली, गेली मात्र नाही. जो दोष दोन्ही इंधनांवर दिसतो तो इंधन पुरवणाऱ्या यंत्रणेत एकट्याने असण्याची शक्यता फार कमी. किटवर खर्च न करण्याचा निर्णय इथे झाला.

तपासणी

सिलिंडर ओळखण्यासाठी गाडी पेट्रोलवर, तापलेल्या स्थितीत, एकेका इंजेक्टरची वायर काढून चालवली. अनेक ठिकाणी यासाठी कॉइलची वायर काढतात. तसे केल्यास न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमार्गे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला इजा करू शकते, म्हणून इंजेक्टर बंद करणे अधिक सुरक्षित. पहिला, दुसरा किंवा चौथा बंद केला की इंजिन लगेच लडबडून बंद पडायच्या बेतात येत होते. तिसरा बंद केला तेव्हा जवळजवळ काहीच झाले नाही. तिसऱ्याचे काम आधीच होत नव्हते.

तिसऱ्याची कॉइल आणि प्लग पहिल्यावर, पहिल्याचे तिसऱ्यावर बसवले. दोष तिसऱ्यातच राहिला. इंजेक्टरचीही अदलाबदल केली. दोष जागचा हलला नाही. अशा अदलाबदलीला सुट्या भागाचा एक रुपयाही लागत नाही, आणि आधीच्या गॅरेजमध्ये नव्या कॉइल आणण्याआधी ती झाली असती तर तो खर्च टळला असता.

स्कॅनरवर दोष-संकेत का नव्हता, हा प्रश्न मालकांनी विचारला आणि तो योग्यच होता. क्रँकशाफ्टची गती प्रत्येक धक्क्यानंतर किती वाढते यावरून संगणक मिसफायर ओळखतो, आणि ठरावीक मर्यादा ओलांडली गेली तरच संकेत नोंदवतो. या गाडीत तिसरा सिलिंडर पूर्ण मेलेला नव्हता. संथ गतीवर तो अर्धवट पेटत होता, वेगात बरा चालत होता. म्हणून मर्यादा ओलांडली गेली नाही. अधिक ९ टक्क्यांची इंधन-दुरुस्तीही यातूनच उलगडली: अर्धवट पेटलेल्या सिलिंडरमधून न वापरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो, तो सेन्सरला दिसतो, मिश्रण पातळ आहे असा संगणकाचा समज होतो, आणि तो पेट्रोल वाढवतो. बाहेरून हवा शिरत असतानाही चित्र असेच दिसते. मॅनिफोल्डमध्ये धूर भरून पाहिला. कुठेही गळती नव्हती.

यानंतर इनटेक मॅनिफोल्डमधला निर्वात मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला. आज हे साधन बऱ्याच ठिकाणी धूळ खात पडलेले असते, याचे मला मनापासून वाईट वाटते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब तिथे सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो, त्यामुळे पुस्तकातला आकडा इथे येत नाही. निरोगी इंजिनावर काटा पाऱ्याच्या १७ इंचांच्या जवळ स्थिर राहिला तरी समाधान मानावे. या गाडीत इंजिन थंड असताना काटा जवळजवळ स्थिर होता. पंधरा मिनिटांनी, पंखा एकदा फिरून बंद झाल्यावर, तोच काटा ठरावीक लयीत १३ पर्यंत खाली झुकू लागला आणि परत वर येऊ लागला. अशी नियमित लय म्हणजे एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याची खूण असते.

कॉम्प्रेशन चाचणी पुन्हा घेण्याचा निर्णय इथे झाला, आणि या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच. मालकांच्या फाइलमध्ये या चाचणीचे आकडे होते, त्या आधारे इंजिन निर्दोष ठरलेले होते, आणि तीच चाचणी परत करणे म्हणजे वेळेचा अपव्यय वाटला असता. पण जॉब कार्डवरची वेळ सकाळी साडेनऊची होती. गाडी आदल्या संध्याकाळपासून गॅरेजमध्ये उभी होती. तापलेल्या इंजिनातून प्लग काढताना हात भाजतो, म्हणून थंड इंजिनावर चाचणी उरकण्याची सवय सर्वत्र आहे. तक्रार मात्र तापल्यावरचीच होती.

गाडी अर्धा तास चालवून आणली. इंधनपुरवठा बंद केला, चारही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला. आकडे आले: १२.५, १२.०, ८.०, १२.०. तिसऱ्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजले; आकडा हलला नाही, म्हणजे पिस्टन-रिंगकडून गळती नव्हती. मग तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडली. गळती ४० टक्क्यांच्या आसपास होती. इतर तिघांत ती दहाच्या आत होती. ऑइलचे झाकण उघडून कान लावला, आवाज नाही. थ्रॉटलपाशी आवाज नाही. मागे सायलेन्सरच्या तोंडाशी मात्र हवेचा सूं असा आवाज स्पष्ट येत होता. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत होता.

कारण

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळण्याची दोन मुख्य कारणे संभवतात: व्हॉल्व्ह किंवा त्याची सीट (व्हॉल्व्ह बंद होताना ज्या कडेवर टेकतो ती) जळालेली असणे, अथवा टॅपेट घट्ट झाल्यामुळे व्हॉल्व्ह पूर्ण बंदच न होणे. सीएनजीवर चाललेल्या गाडीत दुसरे कारण आधी तपासावे. पेट्रोल द्रवरूपात येते, व्हॉल्व्हला थोडा थंडावा देते, आणि त्याच्या ज्वलनातून सीटवर बसणारा थर धातूला थोडे संरक्षण देतो. सीएनजी कोरडा वायू आहे. त्यात यांपैकी काहीच नाही. त्याची ज्योतही पेट्रोलपेक्षा सावकाश पसरते, त्यामुळे इग्निशन (ठिणगी पडण्याची वेळ) त्यानुसार आधी आणले नसेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळी वायू अधिक तापलेले असतात. कारखान्यातून सीएनजीसाठी तयार होणाऱ्या इंजिनांत म्हणूनच सीट अधिक कठीण धातूच्या बसवतात. या गाडीच्या सीट पेट्रोलच्या होत्या.

सीट झिजली की व्हॉल्व्ह सिलिंडर हेडमध्ये (इंजिनाच्या, व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागात) खोल बसत जातो, त्याच्या खोडाचे टोक कॅमच्या दिशेने वर सरकते, आणि मधली फट कमी कमी होत जाते. खोड तापून लांबले की उरलेली फटही संपते आणि व्हॉल्व्ह सीटवरून किंचित उचललेलाच राहतो. थंड असताना ठीक, तापल्यावर गळती, हा खेळ असा चालतो. शिवाय थंड इंजिनाची गती संगणक मुद्दाम वाढवून ठेवतो, आणि वाढलेल्या गतीवर गळतीला वेळच कमी मिळतो. त्यामुळे सकाळी दोष दुहेरी झाकला जात होता.

आवाजाचा मुद्दाही इथे सुटतो. टॅपेट सैल झाले की टकटक करतात, घट्ट झाले की गप्प होतात. पेट्रोलच्या गाड्यांवर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला सैल टॅपेटची सवय असते, आणि शांत इंजिन म्हणजे निरोगी इंजिन हा त्याचा अनुभव बहुधा खराच ठरलेला असतो. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत मात्र ही शांतताच संशयास्पद मानायला हवी.

केलेली कृती

हेड उतरवायचे की आधी फक्त टॅपेट दुरुस्त करायचे, हा पुढचा निर्णय होता. हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि सीट घासून घेणे हे पक्के काम. त्याचा अंदाज गॅस्केट, मशीन शॉप आणि मजुरी धरून २८,००० रुपयांच्या घरात जात होता. फक्त टॅपेटचे काम त्याच्या एक-तृतीयांश खर्चात होणार होते, पण व्हॉल्व्ह आधीच जळालेला असेल तर ते वाया जाणार होते. आम्ही दुसरा मार्ग घेतला, कारण तो करून पाहिल्यावर हेडबद्दलचा निर्णय मोजमापावर घेता येणार होता, आणि टॅपेटचे काम हेड उतरवले तरी करावेच लागले असते.

रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचे वरचे झाकण उघडून फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पात्यांच्या साधनाने) सोळाही फटी मोजल्या. इनटेकच्या बाजूच्या सगळ्या मर्यादेत होत्या. एक्झॉस्टच्या बाजूला या इंजिनात ०.३० मिलिमीटरच्या आसपास फट हवी. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरमध्ये ती ०.१८ ते ०.२४ होती. तिसऱ्यात एका व्हॉल्व्हला ०.०६ होती, आणि त्याच सिलिंडरच्या दुसऱ्या व्हॉल्व्हला ०.०४ ची पातीही शिरत नव्हती.

या इंजिनात फट स्क्रूने जुळवता येत नाही. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये वाटीसारखा टॅपेट बसतो आणि तो वेगवेगळ्या जाडीत मिळतो, त्यामुळे कॅमशाफ्ट उतरवून टॅपेट बदलावे लागतात. नव्या टॅपेटची जाडी काढायची तर जुन्याच्या जाडीत मोजलेली फट मिळवायची आणि हवी असलेली फट वजा करायची. ०.०६ फटीच्या व्हॉल्व्हवरचा टॅपेट मायक्रोमीटरवर ३.२० भरला, म्हणून ३.२० अधिक ०.०६ वजा ०.३०, म्हणजे २.९६. शेजारच्या व्हॉल्व्हला हे सूत्र लावता आले नाही. जिथे पाती शिरतच नाही तिथे फट शून्य आहे की शून्याच्याही खाली हे फीलर गेज सांगू शकत नाही. तिथे आधी मुद्दाम एक पातळ टॅपेट बसवला, कॅम परत लावून फट मोजली, आणि त्यावरून खरी जाडी काढली. या पायरीत कॅमशाफ्ट एकदा जास्त उतरवावा लागतो, म्हणून ती टाळण्याचा मोह होतो. ती टाळली असती तर तो व्हॉल्व्ह पुन्हा घट्टच राहिला असता.

चेनच्या खुणा जुळवून, इंजिन दोन पूर्ण फेऱ्या हाताने फिरवून, सगळ्या फटी पुन्हा मोजल्या आणि मगच झाकण लावले. याच वेळी गॅसचे इंजेक्टर खोलून पाहिले. तिसऱ्याच्या नोझलवर कॉम्प्रेसरच्या तेलाचा चिकट थर होता; पंपावरच्या गॅसबरोबर असे तेल थोडे थोडे येत असते. ते साफ केले, गॅसचा फिल्टर बदलला, आणि किटमधला इग्निशन आधी आणणारा भाग, जो आधीच्या कुठल्याशा दुरुस्तीत सुटा राहिला होता, तो जोडून घेतला. तिसऱ्याच सिलिंडरची सीट जास्त का झिजली, याचे उत्तर मला कमी गॅस आणि जास्त उष्णता यांच्या या जोडीत दिसते.

परिणाम

अर्धा तास चालवून घेतलेल्या कॉम्प्रेशन चाचणीत तिसरा सिलिंडर ११.३ वर आला. गळती ४० वरून १४ टक्क्यांवर उतरली. व्हॅक्यूमचा काटा स्थिर झाला, इंजेक्टर काढल्यावर तिसराही इतरांइतकाच फरक दाखवू लागला, आणि मोबाइलवरचा सव्वासहा हर्ट्झचा उंचवटा शोधावा लागेल इतका लहान झाला. पेट्रोलवरची इंधन-दुरुस्ती दोन-तीन टक्क्यांवर स्थिरावली.

थरथर मात्र पूर्ण गेली नव्हती. एसी लावल्यावर स्टिअरिंगवर बारीक, जलद गुणगुण राहिली, आणि तिची गती मोजली तेव्हा ती २८ हर्ट्झच्या पुढे निघाली, म्हणजे ८५० फेऱ्यांवर चार निरोगी सिलिंडरचे नेहमीचे धक्के. हा कंप इंजिनाचा दोष नव्हता. तो कडक फाउंडेशनमधून बॉडीत येत होता. उजवे फाउंडेशन मूळ बनावटीचे, द्रव भरलेले बसवल्यावर तोही गेला. सेवाकेंद्राने ज्या भागावर बोट ठेवले होते तो भाग खरोखर बदलायचाच होता. तो एकटा पुरेसा नव्हता, आणि ज्या प्रतीचा हवा होता त्या प्रतीचा बसला नव्हता.

पुढच्या काही आठवड्यांत गाडी किलोमागे २३ किलोमीटरच्या वर जाऊ लागली.

वेगळे काय करता आले असते

पहिल्याच दिवशी जॉब कार्डवर "व्हायब्रेशन" या एका शब्दाऐवजी तक्रार केव्हा येते आणि केव्हा येत नाही हे लिहिले गेले असते, तर तपासाची दिशा बदलली असती. थंड की तापलेली, उभी की चालती, एसीसह की विना, क्लच दाबून की सोडून, गॅसवर की पेट्रोलवर: एवढे विचारायला पाच मिनिटे लागतात. मालकांनी ते सांगितले होते. लिहून घेणारा कोणी नव्हता.

कॉम्प्रेशन चाचणी थंड इंजिनावर घेतल्याबद्दल त्या गॅरेजला दोष देणे सोपे आहे, पण माझ्या मते खरी उणीव आकड्यांच्या वाचनात होती. ११.० हा आकडा मर्यादेत असला तरी चारांपैकी एकटाच वेगळा होता. मर्यादा इंजिन बाद करण्यासाठी असते. निदान करताना सिलिंडर एकमेकांशी ताडून पाहायचे असतात. त्या एका वेगळ्या आकड्याने तापलेल्या इंजिनावर दुसरी चाचणी घ्यायला भाग पाडायला हवे होते.

किट बसवणाऱ्याने २०१६ मध्ये टॅपेट तपासणीचा उल्लेख कुठेही केला नव्हता, आणि सेवाकेंद्राचे वेळापत्रक पेट्रोलच्या गाडीचे होते. दोघांच्या मध्ये ही गोष्ट निसटली. बाहेरून किट बसवलेल्या आणि टॅपेट आपोआप न जुळणाऱ्या इंजिनात दर ४०,००० किलोमीटरला फटी मोजून घ्याव्यात असे मी आग्रहाने सांगतो. झाकणाचे गॅस्केट आणि तासा-दीड तासाची मजुरी एवढाच त्याचा खर्च. व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता बंद असताना सीटमार्फत बाहेर टाकतो, त्यामुळे तो पूर्ण बंद होत नसेल तर जळायला वेळ लागत नाही. ही गाडी आणखी एक उन्हाळा तशीच चालली असती, तर हेड वाचले असते असे मला वाटत नाही.

आमच्या निर्णयावरही एक प्रश्न उरतो. १४ टक्के गळती निरोगी सिलिंडरपेक्षा जास्तच आहे. तिसऱ्याच्या एका व्हॉल्व्हच्या तोंडावर थोडे खड्डे पडलेले असणार. हेड तेव्हाच उतरवले असते तर काम कायमचे झाले असते. मालकांशी बोलून आम्ही ते पुढे ढकलले, कारण गाडी आणखी किती वर्षे ठेवायची हे त्यांचेच ठरलेले नव्हते. दहा हजार किलोमीटरनंतर फटी पुन्हा मोजल्या, तेव्हा तिसऱ्याच्या दोन्ही व्हॉल्व्हवर ०.०३ मिलिमीटरची घट आढळली. बाकीच्यांत मोजण्याजोगा फरक नव्हता. पुढची मोजणी आणखी दहा हजारांनी ठरली आहे. तोपर्यंत फट ०.२० च्या खाली गेली किंवा तापलेल्या इंजिनावरचे कॉम्प्रेशन १०.५ च्या खाली उतरले, तर हेड उतरवून सीट बदलायच्या, असे जॉब कार्डवर लिहून मालकांची सही घेतली आहे.